इंजिन बांधून ठेवताना

विहीर तळाला लागली की आमचे नाना इंजिन शेवटचं एकदा चालू करतात. डबक्याएवढं पाणी उरलेलं असतं, त्यात एक वाफासुद्धा धड भिजायचा नाही. पण तेल गरम असतानाच सोडायचं असतं. गार तेल काजळी आणि लोखंडाचा कीस पोटात घेऊन तळाशी बसून राहतं; गरम असलं की सगळी घाण बरोबर घेऊन धारेनं खाली येतं. थोडा वेळ इंजिन धडधडतं, बाभळीवरचे होले उडतात, नाना मान कलती करून ऐकतात आणि लिव्हर ओढतात. मग जे शांत होतं ते थेट मृगापर्यंत. पाऊस रुसला तर त्याच्याही पुढं.

आमचं चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाचं गाव. पैठणच्या धरणाचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडं जातो, तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, आणि तरी पाण्याचा विषय निघाला की इथली माणसं आधी आभाळाकडं बघतात. नानांचं इंजिन किर्लोस्करचं, पाच हॉर्सपॉवरचं, मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली. साताऱ्याच्या कूपरचा कारखाना त्याहून जुना, १९२२ चा. विजेचे खांब शिवारात पोचायच्या आधी मराठवाड्यातल्या विहिरींवर असल्याच इंजिनांचं राज्य होतं. पुढं मोटारी आल्या, पण वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा आला नाही. म्हणून इंजिन शेडमध्ये राहिलं. आता शिवारात सौर पंपांच्या काचा चकाकतात, आणि नानांना इंजिन विकायचा सल्ला गावातली निम्मी तरुण पोरं देतात. नाना ऐकून घेतात.

तेल सोडून झालं की ते नवं तेल भरतात. इंजिन चार महिने बंद राहणार, मग आत्ताच नवं तेल कशाला, असा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. जुन्या तेलात आंबटपणा उतरतो, तो बसल्या जागी बेअरिंग खातो, असं त्यांनी सांगितलं होतं. ‘आंबटपणा’ हा त्यांचाच शब्द. डिझेलमधल्या गंधकाचं जळून आम्ल होतं आणि ते तेलात मुरतं हे मी फार नंतर वाचलं. मग ते नोझल खोलतात. त्या भोकातून चमचाभर स्वच्छ तेल सिलिंडरमध्ये सोडतात आणि चाक हातानं सावकाश फिरवतात, म्हणजे तेल लायनरवर सगळीकडं पसरतं. नोझल पुन्हा बसवलं की चाक फिरवता फिरवता एका जागी हाताला अडतं. आत हवा दाबली जात असते. नेमक्या तिथंच ते चाक सोडून देतात. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, बाहेरची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही, रिंगा लायनरला गंजून चिकटत नाहीत. हे कुठल्या पुस्तकात त्यांनी वाचलेलं नाही. गेवराईच्या एका मिस्तरीनं कधीतरी दाखवलं, हातानं ते लक्षात ठेवलं.

पाण्याच्या जाकिटाचा नळ उघडून ते पाणी काढतात. आमच्याकडचं विहिरीचं पाणी क्षारांचं; चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो तसाच इंजिनाच्या पोटातही धरतो आणि एखाद्या वर्षी ते कारण नसताना तापायला लागतं. धुराड्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा. हवा ओढायच्या तोंडाला फडकं, वर सुतळी. हे कुंभारीण माशीसाठी. ही माशी उन्हाळ्यात मातीचं घर बांधायला नळीएवढी जागा शोधत हिंडते आणि इंजिनाएवढी सोयीची नळी शिवारात दुसरी नाही. उंदरांचंही तसंच. एका वर्षी एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण पाच गुलाबी पिलं घालून बसली होती. नानांनी त्या वर्षी इंजिन पंधरा दिवस उशिरा चालू केलं आणि पाऊस वेळेवर असूनही शेजाऱ्यांना सांगितलं की नोझल मिळेना.

डिझेलच्या टाकीपाशी मात्र नाना शास्त्र सोडतात. पुस्तकं सांगतात, टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या जागेत रात्रीच्या गारव्यानं दव धरतं, पाणी तळाला जमतं, डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर बुळबुळीत शेवाळासारखी जिवाणूंची साय वाढते. नाना टाकी रिकामी करतात. “भरल्याली टाकी ठिवली तर सकाळी टाकी बी ऱ्हायची न्हाई,” म्हणतात. शेड गावापासून लांब आहे.

इंजिन फक्त उन्हाळ्यातच बांधून ठेवलं जातं असंही नाही. या भागात घरच्या घरं दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. कोयता, चूल, पीठ, पोरं, बैल, सगळं टायरगाडीत किंवा ट्रकात चढतं आणि सांगली-कोल्हापूर, पुढं कर्नाटकापर्यंत जातं. मागं म्हातारी माणसं उरतात आणि कुलुपं उरतात. त्यांच्यातल्या ज्याच्याकडं इंजिन असतं तो ते थंडीच्या तोंडावर बांधतो. म्हणजे ज्या महिन्यांत विहिरीला पाणी असतं, रब्बीला ते द्यायला हवं असतं, त्याच महिन्यांत मालक दुसऱ्याच्या रानात ऊस तोडत असतो. जाताना घरातलं काय काय कसं ठेवायचं याचं ज्ञान बीड जिल्ह्यातल्या बायकांना जेवढं आहे तेवढं क्वचित कुणाला असेल. डाळीला किडा लागू नये, गोधडीला वाळवी लागू नये, म्हातारीला औषध चुकू नये. पाडव्याच्या सुमाराला कुलूप निघतं. घर उघडताना जो वास येतो तो मला अजून ओळखता येतो; कडुनिंबाचा वाळलेला पाला, राख आणि कोंडलेली हवा.

समुद्रावरची माणसं इंजिन कसं बांधून ठेवतात हे मी कोकणात हर्णैला पाहिलं. मे महिना सरत आला होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा तो काळ. शिवाय त्या दिवसांतला समुद्र कायदा नसता तरी कुणाला आत घेत नाही. कोळ्यांचं मन खरं मोकळं होतं ते नारळी पौर्णिमेलाच. समोर सुवर्णदुर्ग, पुळणीवर ओळीनं ओढून घेतलेल्या होड्या, काही बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला गेलेल्या. जाळी उकलून, वाळवून, घड्या करून घरी जात होती. लहान होड्यांवर झाप चढत होते. त्याला तिकडं होडी शाकारणं म्हणतात. घर शाकारावं तशीच होडी शाकारायची.

एका होडीत एक तांडेल इंजिनाशी बसला होता. मी काठावर उभा राहिलो आणि तो जे करत होता त्यातलं जवळजवळ सगळं मला आधीच पाठ होतं. तेल गरम करून सोडणं. नोझल काढून वरून तेल. हातानं चाक फिरवणं. धुराड्याच्या तोंडात बोळा. फक्त एक गोष्ट निराळी होती. त्याचा मुलगा घरून गोड्या पाण्याचे कॅन आणत होता आणि ते पाणी थंडाव्याच्या नळ्यांमधून पुन्हा पुन्हा सोडलं जात होतं, तोंडाशी जीभ लावून तांडेल चव बघत होता. खारटपणा गेला की बस. गोडं पाणी त्या दिवसांत हर्णैत काही मुबलक नसतं, हे रांगेतल्या हंड्यांवरून दिसत होतं. “पाऊस वरनं पडतो, त्याला झाप हाय,” तो म्हणाला. “मीठ आतनं खातं. त्याला झाप नाय.”

मीठ सुकलं म्हणून निरुपद्रवी होत नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि बंद इंजिनात, पाण्याचा थेंब नसताना, लोखंड गंजत राहतं. बोटीच्या अंगाला म्हणून जस्ताचे तुकडे ठोकलेले असतात. खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजतं, तोवर लोखंड वाचतं. हम्फ्री डेव्हीनं १८२४ साली इंग्रजी आरमाराच्या तांब्याच्या पत्र्यांवर हे पहिल्यांदा करून दाखवलं. गावी आल्यावर मी नानांना सांगितलं तर त्यांनी बराच वेळ त्यावर विचार केला. “म्हंजी जस्त मरतंय आन् लोखंड जगतंय,” म्हणाले. मग डेव्हीचं राहिलं बाजूला, ते आपल्या मोठ्या भावाविषयी बोलायला लागले, ज्यानं बहात्तरच्या दुष्काळात शाळा सोडून खडी फोडली म्हणून नाना सातवीपर्यंत गेले. मोठा भाऊ म्हणजे माझे वडील. नाना त्यांच्याविषयी इतकं बोललेले मी आधी ऐकलं नव्हतं.

माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. तिथं घराजवळच्या तळ्यावर त्याची एक छोटी अॅल्युमिनियमची बोट आहे, मागं टांगायचं पेट्रोलचं इंजिन लावलेली. या टांगत्या इंजिनाची गोष्ट गमतीची आहे. ओल एव्हिनरूड नावाचा मूळचा नॉर्वेचा माणूस अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहायचा. उन्हाळ्यातल्या एका सहलीत बायकोला आइस्क्रीम हवं झालं, हा वल्ही मारत पलीकडच्या तीरावर गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, म्हणून त्यानं बोटीला मोटार लावायचं मनावर घेतलं, असं सांगतात. १९०९ पासून त्याची इंजिनं विकायला लागली. गोष्ट खरीखोटी कशीही असो, वितळण्यातून निघालेल्या त्या इंजिनाला पुढं सगळ्यात मोठं भय गोठण्याचंच राहिलं.

भाचा ऑक्टोबरात बोट बाहेर काढतो. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि त्या फुगण्यापुढं बिडाचं लोखंडही टिकत नाही. इंजिनाच्या पोटात पाणी राहिलं तर वसंतात ब्लॉकला चीर सापडते. म्हणून पाणी निथळून जाईल असं इंजिन उभं ठेवायचं. खालच्या गिअरच्या डब्यातलं तेल काढून बघायचं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. मोठ्या बोटींच्या इंजिनांत तर गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रावण भरतात. सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा. पेट्रोलमध्ये ते शिळं होऊ नये म्हणून औषध. बॅटरी काढून घरात.

त्यानं हे सगळं एकदा फोनवरून नानांना दाखवलं. तिकडं पानगळ, इकडं अंगणात मका वाळत घातलेला. नाना चष्मा पुसून बघत होते.

“बाळा, पानी गोठून लोखंड फुटतंय व्हय?”

“हो ना आजोबा. सगळं पाणी काढावं लागतं.”

“आन् तळं?”

“तळंही गोठतं. वर माणसं चालतात, भोक पाडून मासे धरतात.”

नानांनी फोन माझ्याकडं दिला. तळ्यावर माणसं चालतात हे त्यांना पटलं, कारण भाचा खोटं बोलत नाही. त्यांना अवघड गेलं ते निराळंच. पाणी समोर भरलेलं असताना, कुणी सरकारनं किंवा सणानं बंदी घातलेली नसताना, नुसत्या थंडीनं इंजिन बंद ठेवायचं. चकलांब्यातही डिसेंबरात पहाटे हाताची बोटं वळत नाहीत. इंजिन तेव्हा हट्ट करतं, हवेच्या तोंडाशी डिझेलचा पेटता बोळा धरून हँडल मारावं लागतं, दोन माणसांना घाम येतो. पण ते चालू होतं. पाण्याच्या पाळीचा दिवस असेल तर त्याला चालू व्हावंच लागतं. आमचं इंजिन पाणी नाही म्हणून झोपतं. हर्णैचं पाणी फार झालं म्हणून, आणि भाच्याचं पाण्याचा दगड झाला म्हणून. तेल मात्र तिन्हीकडं गरम असतानाच सोडतात.

यात नानांना कुठंही सुट्टीसारखं काही वाटत नाही हे मला उशिरा ध्यानात आलं. बंद करायचा दिवस हा त्यांच्या लेखी कामाच्या दिवसांपैकी सगळ्यात मोठा. त्या दिवशी ते जेवायलाही घरी येत नाहीत. चालतं यंत्र आपली तक्रार सांगतं, आवाज बदलतो, धूर काळा होतो, पट्टा सुटतो. बंद यंत्र काही सांगत नाही. जे बिघडायचं ते आतल्या आत बिघडत राहतं आणि नेमकं गरजेच्या दिवशी समजतं. गावातल्या चांगल्या चांगल्या शेतकऱ्यांची इंजिनं मृगात जाम निघालेली मी पाहिली आहेत. ती चालवण्यात ते कुठंच कमी नव्हते. काम संपलं की मात्र शेडला कडी लावून मोकळे व्हायचे.

आता आमच्या तालुक्यातल्या बोटीविषयी. बीड जिल्ह्यात बोट म्हटलं की लोक हसतात, पण गोदाकाठच्या गावांना विचारावं. राक्षसभुवन याच तालुक्यात आहे. १० ऑगस्ट १७६३ ला तिथं माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो गोदावरीच्या पुरामुळं. निजाम निम्मी फौज घेऊन पलीकडं उतरला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या निम्म्या फौजेसह अलीकडंच अडकला आणि मारला गेला. नदी फुगल्यावर माणसाचं काय होतं याचं एवढं ढळढळीत उदाहरण इतिहासात क्वचित असेल. पुढं वर पैठणला १९७६ मध्ये धरण पुरं झालं, त्याचा नाथसागर जलाशय भरायला लागला, आणि खालच्या लोकांना वाटलं नदी आता बांधली गेली. ती बांधलेली असते ते दुष्काळात. धरण तुडुंब झालं आणि दरवाजे वर गेले की काठच्या गावांत पाणी शिरतं. २००६ च्या ऑगस्टात खुद्द पैठण पाण्यात होतं. शनीच्या देवळाला पाण्याचा वेढा पडणं राक्षसभुवनला नवं नाही. अशा वेळी रबरी बोट लागते आणि तिच्यामागं तेच भाच्याकडचं टांगतं इंजिन.

असं एक इंजिन मी एका सरकारी शेडमध्ये पाहिलं. कुठलं कार्यालय ते सांगून कुणाचा फायदा नाही. पूर ओसरल्यावर बोट आली, इंजिन भिंतीला टेकवून आडवं ठेवलं गेलं, वर खुर्च्या रचल्या गेल्या. नदीचा गाळ त्याच्या नळ्यांत तसाच वाळला. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलं आणि मागं तपकिरी, गोंदासारखा चिकटा राहिला, ज्यानं केसाएवढी भोकं बुजतात. पावसाळ्याच्या तोंडावर तलावावर रंगीत तालीम ठेवली, साहेब आले, फोटोवाले आले, आणि एक तरुण कर्मचारी दोरी ओढून ओढून रडकुंडीला आला. त्याला दोष देता येत नाही. इंजिन चालवायचं प्रशिक्षण त्याला मिळालेलं होतं. बंद कसं करायचं हे शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. शेवटी बोट वल्ह्यांनी फिरवली आणि फोटो चांगले आले.

खरं तर काम तासाभराचं आहे. पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून स्वच्छ पाण्यावर चालवायचं म्हणजे गाळ निघतो. चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लग काढून थोडं तेल, दोरी दोनदा हलके ओढायची. गिअरचं तेल बघायचं. मग आडवं न टाकता घोडीवर उभं ठेवायचं. नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मला न्या तिथं, मी करून देतो.” वयाकडं बघता कुणी नेणार नाही. पण ते थट्टेनं बोलत नव्हते.

तुमचं गाव नदीकाठी असेल, तालुक्याला बोट असेल, तर एवढं करा. दिवाळीनंतर, पूर विसरायच्या आत, त्या शेडमध्ये जाऊन विचारा की इंजिन कुणी बंद केलं, आणि कार्ब्युरेटर रिकामा केला होता का. उत्तर देणारा माणूस सापडला तर त्याचं नाव लिहून ठेवा. नाही सापडला, तर शेजारच्या शिवारात एखादे नाना असतीलच. त्यांना गाडीत घालून घेऊन जा.